गोव्यातील टाइमशेअर रिसॉर्ट

गोव्यातील टाइमशेअर रिसॉर्ट म्हणजे गोवा राज्याच्या किनारपट्टीवरील अशी पर्यटक निवासस्थाने, जिथे ग्राहक दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क अनेक वर्षांसाठी आगाऊ रक्कम भरून विकत घेतो. टाइमशेअरसाठी मराठीत 'कालविभाजित निवास' असा शब्दप्रयोग करता येतो. व्यवहारात मात्र 'टाइमशेअर', 'हॉलिडे मेंबरशिप' किंवा 'सुट्टीचे सभासदत्व' हीच नावे रूढ आहेत. गोव्यातील अशी बरीचशी रिसॉर्ट दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील कोलवा, बाणावली, वार्का आणि कॅव्हेलोसिम या किनारी गावांत आहेत.

या रिसॉर्टची तुलना सहसा खोल्या, जलतरण तलाव आणि समुद्रापासूनचे अंतर यांवरून केली जाते. परंतु सभासद इमारतीचा मालक होत नाही. त्याला मिळतो तो करारातून निर्माण झालेला वापराचा हक्क. म्हणून दोन रिसॉर्टमधील खरा फरक पुष्कळदा वास्तूपेक्षा करारनाम्यात असतो. हक्काची मुदत, हंगामाचा वर्ग, वार्षिक शुल्क, आरक्षणाचे नियम आणि सभासदत्वातून बाहेर पडण्याची सोय हे तुलनेचे मुख्य मुद्दे ठरतात.

## संकल्पना

एका सदनिकेच्या वापराचे वर्षातील ५२ आठवड्यांत विभाजन करून प्रत्येक आठवडा वेगळ्या ग्राहकाला विकणे, हे टाइमशेअरचे मूळ रूप होय. वर्षातून एखादाच आठवडा वापरायच्या घराची संपूर्ण किंमत एका कुटुंबाने भरण्याऐवजी ती अनेकांत वाटली जावी, हा त्यामागील विचार आहे. या पद्धतीचे पुढील प्रकार प्रचलित आहेत.

* मालकी हक्काचा प्रकार: ग्राहकाला मिळकतीत अविभक्त हिस्सा मिळतो व तो नोंदणीकृत दस्तऐवजाने हस्तांतरित करता येतो. अमेरिकेत हा प्रकार बराच आढळतो.
* वापर हक्काचा प्रकार: मिळकत कंपनीच्या किंवा तिच्या सहयोगी संस्थेच्या ताब्यात राहते. ग्राहकाला ठरावीक वर्षे राहण्याचा हक्क मिळतो आणि मुदत संपली की तो हक्कही संपतो. भारतातील सभासदत्वे प्रामुख्याने या प्रकारची आहेत.
* निश्चित आठवडा: दरवर्षी तीच सदनिका व तोच आठवडा मिळतो.
* तरता आठवडा: ठरलेल्या हंगामातील कोणताही आठवडा उपलब्धतेनुसार निवडता येतो.
* गुणांची पद्धत: सभासदाच्या खात्यात दरवर्षी काही गुण जमा होतात. रिसॉर्ट, खोलीचा आकार व हंगाम यांनुसार प्रत्येक रात्रीसाठी कमीअधिक गुण वजा होतात.

आगाऊ रकमेखेरीज सभासदाला दरवर्षी देखभाल शुल्क द्यावे लागते. रिसॉर्टची स्वच्छता, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे वेतन, वीज व पाणी यांचा खर्च त्यातून भागवला जातो. बहुतेक करारांत त्या वर्षी सुट्टी घेतली नाही तरी हे शुल्क चुकत नाही.

## इतिहास

### जगातील आरंभ

टाइमशेअरची कल्पना १९६०च्या दशकात युरोपात आकाराला आली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था स्थापन झाली. तिच्या भागधारकांना संस्थेच्या मालकीच्या निवासस्थानांत राहण्याचा हक्क मिळत असे. त्याच दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतातील एका हिमक्रीडा केंद्रातही वापराचा काळ विकण्याचा प्रयोग झाला. पुढे ही पद्धत अमेरिकेत पसरली.

एकाच ठिकाणी दरवर्षी जाण्याचा कंटाळा ही या पद्धतीची सुरुवातीची अडचण होती. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय आणि १९७६ साली इंटरव्हल इंटरनॅशनल या अदलाबदल करणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या. आपला आठवडा त्यांच्याकडे जमा करून दुसऱ्या रिसॉर्टमधील आठवडा घेण्याची सोय झाल्यामुळे टाइमशेअरचा प्रसार वेगाने झाला.

### भारत आणि गोवा

भारतात १९८६ साली स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स या कंपनीने ही पद्धत मध्यमवर्गापर्यंत नेली. १९९६ साली महिंद्रा हॉलिडेज अँड रिसॉर्ट्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली. 'क्लब महिंद्रा' या नावाने तिने २५ वर्षे मुदतीची आणि दरवर्षी सात रात्रींची सभासदत्वे विकली. २००९ साली या कंपनीचे समभाग शेअर बाजारात सूचिबद्ध झाले.

गोव्यात टाइमशेअरला अनुकूल पार्श्वभूमी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाली. युरोपातून थेट दाबोळी विमानतळावर येणारी भाडोत्री विमाने सुरू झाली आणि हिवाळ्यात दोन आठवडे गोव्यात घालवणाऱ्या परदेशी, विशेषतः ब्रिटिश, पर्यटकांची संख्या वाढली. १९९३ साली स्थापन झालेल्या कर्मा समूहाच्या कारभाराचा आरंभ गोव्यातच झाला. 'रॉयल गोवन बीच क्लब' या नावाने त्याची रिसॉर्ट ओळखली जात. भारताबाहेर राहणाऱ्या व भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी नागरिकांना भारतात स्थावर मिळकत विकत घेण्यास परकीय चलनविषयक कायद्यांनी मनाई आहे. सुट्टीच्या क्लबचे सभासदत्व ही स्थावर मिळकतीची खरेदी नसल्याने त्यांच्यासमोर हा पर्याय ठेवता आला.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर मुंबईहून मडगावला रेल्वेने थेट जाता येऊ लागले. मुंबईतील कुटुंबांना गोवा अधिक जवळचा झाला आणि देशांतर्गत सभासदांचे महत्त्व वाढले.

## प्रमुख रिसॉर्ट

| रिसॉर्ट | गाव | चालक |
|---|---|---|
| क्लब महिंद्रा वार्का बीच | वार्का | महिंद्रा हॉलिडेज |
| क्लब महिंद्रा एमराल्ड पाम्स | वार्का | महिंद्रा हॉलिडेज |
| क्लब महिंद्रा अकेशिया पाम्स | कोलवा | महिंद्रा हॉलिडेज |
| कर्मा रॉयल पाम्स | बाणावली | कर्मा समूह |
| कर्मा रॉयल हाथी महल | कॅव्हेलोसिम | कर्मा समूह |

एकाच कंपनीची गोव्यात एकाहून अधिक रिसॉर्ट असल्यामुळे 'गोव्यात आरक्षण मिळाले' आणि 'हव्या त्या रिसॉर्टमध्ये आरक्षण मिळाले' या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. क्लब पद्धतीत सभासदत्व एखाद्या विशिष्ट इमारतीशी बांधलेले नसते. आरक्षण खोलीचा प्रकार, हंगाम आणि उपलब्धता यांवर अवलंबून असते.

## तुलनेचे निकष

### स्थान व किनारा

कोलवा हे मडगावच्या सर्वांत जवळचे व गजबजलेले किनारी गाव आहे. तेथे खाणावळी, दुकाने व बससेवा सहज मिळतात. बाणावली आणि वार्का ही तुलनेने शांत गावे आहेत. कॅव्हेलोसिमचा दक्षिणेकडील मोबोर हा भाग एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस साळ नदी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसला आहे. उत्तर गोव्यातील कळंगुट व बागा येथील रात्रजीवन किंवा जुन्या गोव्यातील चर्च पाहण्यासाठी दक्षिणेकडील रिसॉर्टमधून बराच प्रवास करावा लागतो. त्यामुळे वाहनाचा खर्च तुलनेत धरणे आवश्यक ठरते.

विमानतळाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्याला जवळ आहे. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली. तो राज्याच्या उत्तर टोकाला असल्याने तेथून वार्का किंवा मोबोर गाठण्यास जवळजवळ संपूर्ण राज्य ओलांडावे लागते.

'समुद्रकिनारी' या शब्दाचा अर्थ प्रत्येक रिसॉर्टच्या बाबतीत वेगळा असू शकतो. १९९१ सालच्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात नियंत्रित होते. २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. या नियमांमुळे अनेक रिसॉर्ट वाळूपासून काही अंतर आत आहेत. खोलीतून समुद्र दिसणे, रिसॉर्टमधून किनाऱ्यावर चालत जाता येणे आणि किनारा वाहनाने गाठावा लागणे या तीन वेगवेगळ्या स्थिती आहेत.

### हंगाम

गोव्यातील पर्यटनाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च हा असतो. नाताळ व नववर्षाच्या आठवड्यांत मागणी सर्वाधिक असते. फेब्रुवारीच्या सुमारास येणारा कार्निव्हल, दिवाळीची सुट्टी आणि शाळांची मे महिन्याची सुट्टी या काळातही आरक्षण अवघड जाते.

क्लब महिंद्राच्या सभासदत्वात जांभळा, लाल, पांढरा व निळा असे हंगामाचे वर्ग आहेत. जांभळा वर्ग सर्वाधिक मागणीचा व सर्वांत महाग, तर निळा सर्वांत कमी मागणीचा असतो. वरच्या वर्गाचा सभासद खालच्या हंगामात जाऊ शकतो. खालच्या वर्गाच्या सभासदाला वरच्या हंगामात मुक्त प्रवेश नसतो. ज्या कुटुंबातील मुले शाळेत आहेत त्यांना दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याखेरीज सवड मिळणे कठीण असते. अशा कुटुंबाने कमी किमतीचा खालचा वर्ग घेतल्यास किंमत परवडते, पण तारखा जुळत नाहीत. याउलट निवृत्त दांपत्याला तोच वर्ग पुरेसा ठरू शकतो.

जून ते सप्टेंबर हा पावसाळा असतो. या काळात समुद्र खवळलेला असल्याने पोहणे धोक्याचे असते, जलक्रीडा बंद असतात आणि किनाऱ्यावरील तात्पुरती उपाहारगृहे काढून घेतलेली असतात. हिरवीगार शेते, भरून वाहणारे धबधबे व २४ जूनचा सांजांव उत्सव यांसाठी पावसाळ्यात मुद्दाम येणारे पर्यटकही आहेत. मात्र किनाऱ्यावरील सुट्टी म्हणून पावसाळी आठवड्याचे मूल्य हिवाळी आठवड्याइतके नसते.

### खोलीचा प्रकार

सदनिका साधारणतः स्टुडिओ, एक शयनगृह आणि दोन शयनगृहे अशा आकारांत असतात. खोलीत किती प्रौढ व किती मुले राहू शकतात, हे करारात नमूद असते. मुले लहान असताना घेतलेला स्टुडिओ दहा वर्षांनी अपुरा पडतो. काही सदनिकांत छोटे स्वयंपाकघर असते. भोजनाचा खर्च सहसा सभासदत्वात अंतर्भूत नसल्याने मोठ्या कुटुंबाच्या एकूण खर्चात ही सोय मोठा फरक पाडते.

### आरक्षण व अदलाबदल

तरत्या आठवड्याच्या आणि गुणांच्या पद्धतीत हक्क असणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. आरक्षण किती महिने आधी उघडते, रद्द केल्यास किती रात्री किंवा गुण वजा होतात, न वापरलेल्या रात्री पुढील वर्षी किती नेता येतात आणि वार्षिक शुल्क थकल्यास आरक्षण थांबते का, हे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. आरसीआयसारख्या संस्थेमार्फत परदेशी रिसॉर्ट घेताना वेगळी वर्गणी व प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क लागते. अदलाबदलीत नाताळातील गोव्याच्या आठवड्याला जे वजन असते, ते जुलैतील आठवड्याला नसते.

## खर्चाचे गणित

टाइमशेअरची हॉटेलशी तुलना करताना आगाऊ रक्कम, वाढणारे वार्षिक शुल्क, आगाऊ रकमेवरील बुडालेले व्याज आणि प्रत्यक्ष वापरलेल्या रात्री या चार गोष्टी एकत्र धराव्या लागतात. पुढील उदाहरण काल्पनिक असून ते कोणत्याही कंपनीच्या दरांवर आधारलेले नाही.

समजा, २५ वर्षांच्या सभासदत्वाची किंमत ५ लाख रुपये, वार्षिक सात रात्री आणि पहिल्या वर्षीचे शुल्क २०,००० रुपये आहे. एकूण रात्री १७५ होतात. शुल्क वाढलेच नाही तर प्रत्येक रात्रीचा खर्च सुमारे ५,७०० रुपये येतो. शुल्क दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढल्यास पंचविसाव्या वर्षी ते सुमारे ८१,००० रुपये होते. पंचवीस वर्षांत शुल्कापोटी सुमारे ११ लाख रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम भरली जाते. तेव्हा प्रत्येक रात्रीचा सरासरी खर्च ९,१०० रुपयांच्या आसपास जातो.

हॉटेलचे दरही वाढतात, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे. तशाच खोलीचा आजचा दर ६,००० रुपये असून तोही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे मानले, तर सातही रात्री वापरणाऱ्या सभासदाची पहिल्या वर्षी २२,००० रुपयांची बचत होते आणि ती पुढे वाढत जाते. पैशावर ७ टक्के व्याज धरल्यास पंचवीस वर्षांच्या या बचतीचे आजचे मूल्य सुमारे ४.९ लाख रुपये येते. म्हणजे व्यवहार जवळजवळ बरोबरीत सुटतो. परंतु दरवर्षी सातऐवजी पाचच रात्री वापरल्या, तर बचतीचे आजचे मूल्य सुमारे २.२ लाख रुपयांवर येते आणि आगाऊ रकमेचा निम्म्याहून अधिक भाग वसूल होत नाही. यावरून असे दिसते की, टाइमशेअरचा फायदा रिसॉर्टच्या दर्जाइतकाच सभासदाच्या नियमित वापरावर अवलंबून असतो.

## विक्रीची पद्धत व टीका

टाइमशेअर बहुधा प्रत्यक्ष सादरीकरणातून विकले जाते. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा प्रदर्शनात भरून घेतलेल्या सोडतीच्या चिठ्ठीनंतर 'बक्षीस लागले' असा दूरध्वनी येतो आणि पतिपत्नींना एकत्र बोलावले जाते. गोव्याच्या किनारी रस्त्यांवर परदेशी पर्यटकांना स्क्रॅच कार्ड देऊन सादरीकरणाला नेण्याची पद्धतही बराच काळ चालत आली. सादरीकरण काही तास चालते आणि सवलत 'आजच्यापुरतीच' असल्याचे सांगून त्याच बैठकीत सही घेण्यावर भर असतो.

या व्यवसायावर होणारी टीका पुढील मुद्द्यांभोवती फिरते.

* तोंडी आश्वासने व छापील करार यांतील तफावत.
* मागणीच्या काळात आरक्षण न मिळणे.
* वार्षिक शुल्काच्या वाढीवर स्पष्ट मर्यादा नसणे.
* पुनर्विक्रीसाठी बाजार जवळजवळ नसणे व हस्तांतरणासाठी शुल्क आकारले जाणे.
* सभासदत्व सोडल्यास परताव्याची रक्कम अत्यल्प असणे.
* हप्त्यांसाठी घेतलेले कर्ज सभासदत्व रद्द झाल्यावरही चालू राहणे.

सभासदत्व 'चांगल्या भावात विकून देतो' असे सांगून आगाऊ शुल्क उकळणारे मध्यस्थ हा फसवणुकीचा वेगळा प्रकार आहे. व्यवसायाची बाजू मांडणारे मात्र आगाऊ पैसे भरल्यामुळे कुटुंबे नियमित सुट्टी घेतात, हॉटेलच्या खोलीपेक्षा प्रशस्त जागा मिळते आणि वर्षभर सभासद येत राहिल्याने स्थानिकांचा रोजगार पावसाळ्यातही टिकतो, असे प्रतिपादन करतात.

## कायदेशीर स्थिती

युरोपीय समुदायाने १९९४ साली टाइमशेअर खरेदीदारांच्या संरक्षणासाठी निर्देश काढला. २००८ सालच्या सुधारित निर्देशानुसार ग्राहकाला कारण न देता १४ दिवसांत करारातून माघार घेता येते आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ पैसे घेता येत नाहीत. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. फेरविचाराची मुदत करारात दिली असेल तरच आणि दिली असेल तेवढीच मिळते.

वाद उद्भवल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मुख्य आधार आहे. या कायद्यात 'अन्याय्य करार' ही संकल्पना समाविष्ट झाली. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही त्याला तक्रार करता येते. त्यामुळे पुण्यातील सभासदाला दुसऱ्या राज्यात मुख्यालय असलेल्या कंपनीविरुद्ध पुण्यातच दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. तक्रारीचे कारण घडल्यापासून साधारणपणे दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

### गुंतवणूक योजनांशी फरक

सुट्टीच्या सभासदत्वाच्या रूपात परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या योजनांचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गंभीर झाला. मुंबईस्थित पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीच्या योजनांत हॉटेलातील रात्री विकल्या जात आणि त्या न वापरल्यास मुदतीअखेर रक्कम परत मिळण्याची तरतूद असे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) या योजना नोंदणीविना चालवलेल्या सामूहिक गुंतवणूक योजना ठरवल्या. २०१६ साली सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांचे ७,००० कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश मंडळाने दिला.

या प्रकरणातून दोन व्यवहारांतील फरक स्पष्ट होतो. खऱ्या टाइमशेअरमध्ये ग्राहक सेवा विकत घेतो आणि मुदत संपल्यावर त्याच्याकडे काही उरत नाही. 'नाही गेलात तर पैसे वाढून परत' असे आश्वासन मिळत असेल, तर तो व्यवहार सुट्टीचा न राहता ठेवीचा होतो व त्याला प्रतिभूतीविषयक कायदे लागू होऊ शकतात.

## करारात तपासण्याच्या बाबी

* हक्काची मुदत, ती सुरू होण्याची तारीख व वारसांना मिळणारे हक्क.
* हंगामाचा वर्ग व त्यात मोडणाऱ्या तारखा.
* शुल्कवाढीचे सूत्र व त्यावरील कर.
* आरक्षण रद्द करण्याचे आणि रात्री पुढे नेण्याचे नियम.
* कंपनीने एखादे रिसॉर्ट बंद केल्यास मिळणारा पर्याय. रिसॉर्ट कंपनीच्या मालकीचे आहे की भाडेपट्ट्यावर, यावर हा प्रश्न अवलंबून असतो.
* फेरविचाराची मुदत, परताव्याचे सूत्र व कर्जाच्या स्वतंत्र अटी.
* विक्री प्रतिनिधीने दिलेली आश्वासने करारात लेखी आहेत किंवा नाहीत.

## हे सुद्धा पहा

* गोवा
* सासष्टी तालुका
* गोव्यातील पर्यटन
* कोकण रेल्वे
* ग्राहक संरक्षण कायदा, २०१९